तीन कोपरे जुळले, चौथा रुसला

शनिवारची सकाळ. दोस्तमंडळी ब्रंचचे प्लॅन करतायत आणि मी रिक्षात, मांडीवर चार सागवानी पट्ट्या आडव्या धरून. सेव्हन लव्हज चौक मागे पडला की भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आधी नाकाला कळतं. ताज्या भुशाचा वास! मग दिसतात वखारी, भिंतीला टेकलेले उभे ओंडके, हातगाड्यांवरून निघालेलं प्लायवुड. गाडी आणायची हिंमत करू नका. पार्किंग विसराच.

पट्ट्या आजीच्या घराच्या दाराच्या. वाडा पाडला तेव्हा चौकटीतलं एवढंच लाकूड हाती लागलं. त्यातून सेंटर टेबलची किनार करायची, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून. एका पट्टीवर तोरणाच्या खिळ्याचं भोक आहे, टोकापासून जेमतेम दोन बोटांवर. ते राहायलाच हवं होतं.

बोहरी आळीतून करवत आणि प्लास्टिकचा मायटर बॉक्स आणून बाल्कनीत सगळं कापलं. तीन कोपरे इतके झकास बसले की मी फोटोही काढला. चौथ्यात मात्र दहाची दोन नाणी एकावर एक ठेवून जातील एवढी फट. आता परत कापायचं तर भोक गेलंच!

एका वखारीशेजारी रंधा मारत बसलेल्या मिस्त्रीकाकांनी गुण्या लावून एकेक टोक तपासलं. "ताई, चौथा कोपरा चुकला नाहीये. आठही कट थोडे थोडे चुकलेत."

हिशेब सोपा होता, मला सुचला नव्हता इतकंच. चार कोपरे म्हणजे आठ कट. प्रत्येकात अर्धा अंश कमी पडला तर बेरीज चार अंश, आणि ती सगळी शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसते. बरं, समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर कोन बरोबर असूनही फट पडते.

काकांनी करवत हातातच घेतली नाही. प्लायच्या तुकड्यावर पंचेचाळीसात एक पट्टी ठोकली, माझी पट्टी तिला टेकवली आणि रंधा आडवा धरून सरकवला. कागदासारखी सालं निघाली. एका टोकाला अर्धा मिलिमीटरही गेलं नसेल. मग म्हणाले, "आता तुम्ही." हात थरथरत होता, खरं सांगते. भोक वाचलं. काकांनी पैशांऐवजी चहा मागितला, सोबत क्रीमरोल माझ्याकडून.

निघताना टिप्स मिळाल्या. कापलेलं टोक फेविकॉल पिऊन टाकतं, म्हणून आधी पातळ हात, थोड्या वेळाने दुसरा. नुसत्या गोंदावर हा जोड टिकत नाही, कोपऱ्यात खाच पाडून पातळ चिप्पी बसवायची. क्लॅम्प नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चारी बाजूंनी ताणून बांधायची. आणि लाकूड आधी आठवडाभर घरातल्या हवेत राहू द्यायचं.

टेबल आता हॉलमध्ये आहे. थंडीत लाकूड रुंदीला आक्रसतं तेव्हा चौथ्या कोपऱ्यात आतल्या बाजूने केसाएवढी रेघ दिसते. पावसाळ्यात मिटते. पाहुण्यांना ती दिसत नाही, ते विचारतात ते भोकाबद्दल: "अगं, इथे पुटी भरायची राहिली का?"