साठच्या पुढचा बोअर

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या गॅरेजांत देशभरच्या गाड्या उघडल्या गेल्या. माझा जीव जडला तो मात्र जुन्या विलिज-महिंद्रा जीपवर. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात या जीप राबल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा कित्येकींत डिझेल इंजिन बसलं आणि काढलेला ब्लॉक गोठ्याच्या कोपऱ्यात गेला. आज शौकीन तोच शोधत येतात.

ब्लॉक समोर आला की ओळख व्हॉल्व्हवरून. इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतील तर तो एल-हेड, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा; इनलेट वर हेडमध्ये गेला असेल तर नंतरच्या सीजे-3बी मॉडेलचा एफ-हेड. दोन्ही 2199 सीसीचे. इंजिन नंबर असतो पाण्याच्या पंपाजवळच्या छोट्या सपाट जागेवर. तिथे मी आधी हात फिरवतो. ग्राइंडर फिरवून नवा पंच मारला असेल, तर आकड्यांच्या कडा बोटाला टोचतात.

मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. मूळ माप सव्वातीन इंचांना अष्टमांश कमी, म्हणजे 79.4 मिमी. झिजेल तसा तो इंचाच्या हजारांशांत वाढवतात; वीस, चाळीस करत साठचा साईज झाला की पुढे सिलिंडरमध्ये लायनर बसवायचा. गिऱ्हाईक लायनर पाहून भाव पाडतं. मला ते पटत नाही. नीट बसवलेला लायनर ही दुरुस्ती आहे, नंबर घासणं ही लबाडी.

खरी भीती तड्याची. बोअरवेलच्या क्षारांनी पाण्याच्या वाटा बुजतात, त्यात जळगावचा उन्हाळा. एक्झॉस्टच्या सीटपासून बोअरकडे केसाएवढी चीर धावते. रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. थोड्या वेळात पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ती सीटपाशी थांबली तर टाके घालून ब्लॉक वाचतो. बोअरमध्ये उतरली असेल तर मी भावाचं बोलणंच थांबवतो.

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. डिझेल बसवताना आर.सी. बुकात नवा नंबर चढला असेल, तर मूळ ब्लॉक हाती असूनही कागद जुळत नाही. म्हणून धुळ्याचा एमएच-18 असो की जळगावचा एमएच-19, ब्लॉकची किंमत सांगण्याआधी मी मालकाकडे जीपचं सगळ्यात जुनं आर.सी. बुक मागतो.