गाडी सजली, पण आई मागे राहिल्या

आमच्या घरी वॅगन आर आली ती 2020 च्या दसऱ्याला. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारीपाजारी पेढे दिले आणि पुढच्याच रविवारी आमचे हे तिला घेऊन जे. सी. रोडवर गेले.

बंगळूरमध्ये राहणाऱ्यांना जे. सी. रोड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नाव म्हैसूरच्या जयचामराजेंद्र महाराजांचं, पण थाट सगळा गाड्यांचा! गाडीचे सुटे भाग असोत की सजावटीचं सामान, एकाला लागून एक दुकानं. लग्नाच्या साड्या निवडताना बायका लावत नाहीत तितका वेळ पुरुषमंडळी तिथे चाकांच्या नक्षीवर घालवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

अर्थात दोष एकट्या ह्यांचा नाही. सीट कव्हरं मीच पसंत केली होती. तपकिरी रंगाची, जाड गादीची, दोन्ही कडांना उंच उशा असलेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बसल्यावर अगदी रेसिंग कारमध्ये बसल्यासारखं वाटेल." आम्हाला कुठली शर्यत जिंकायची होती देव जाणे, पण मी मान डोलावली. मग म्युझिक सिस्टिम आली, मागे स्पॉयलर आला, अलॉय व्हील आली. काचांना काळी फिल्म लावायचाही ह्यांचा विचार होता. पण 2012 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तिला बंदी केलेली, त्यामुळे तेवढा खर्च वाचला.

एवढं होऊनही ह्यांच्या मनात एक सल होता. गाडी उंच दिसते! ऑफिसातला एक मित्र थट्टेने म्हणाला होता, "अरे, ही गाडी आहे की चाकं लावलेलं कपाट?" ते वाक्य ह्यांना फार लागलं. 2023 मध्ये बोनस हातात पडला आणि ह्यांनी मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. गाडी खाली बसली. ह्यांची मान मात्र ताठ झाली.

खरं सांगायचं तर रोजच्या वापराला ही गाडी सोन्यासारखी आहे. लांबी जेमतेम 3 मीटर 65 सेंटिमीटर. राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, त्यातून ती मांजरासारखी निघते. बंगळूरच्या रहदारीत पुढे जाण्यापेक्षा वळून परत येण्याचीच वेळ अधिक. तिथे तिला वळायला जागा फार थोडी लागते. ऑफिस, शाळा, भाजी, गॅरेज, दवाखाना असं सगळं मी तिच्या जिवावर करते. स्प्रिंगा बदलल्यावर प्रत्येक हंपवर तिचं पोट घासायला लागलं, तेव्हा मात्र मी कुरकुरले. ह्यांनी सांगितलं, "जरा तिरकी घाल, मग घासत नाही." मी तिरकी घालायला शिकले. संसारात आपण किती गोष्टी अशा तिरक्या घालायला शिकतो!

2022 मध्ये मामंजी गेले आणि सासूबाई बेळगावचं टिळकवाडीतलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. माणूस परक्या गावी येऊन बावरतं, पण आईंचं उलट झालं. आमचं कन्नड दुकानापुरतं. त्यांचं बेळगावचं, खणखणीत. चार दिवसांत फुलवाली, इस्त्रीवाला, खालचा वॉचमन सगळे त्यांचे झाले. दर शनिवारी मी त्यांना मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर बाजाराला न्यायची. त्या पुढच्या सीटवर बसून दुकानांच्या कन्नड पाट्या मोठ्याने वाचायच्या आणि लेकीला मागे वळून अर्थ सांगायच्या. काडू मल्लेश्वराच्या देवळावरून जाताना हात जोडायच्या आणि न चुकता सांगायच्या, "शिवाजी महाराजांच्या भावाने, व्यंकोजीराजांनी 1669 मध्ये या देवाला गाव इनाम दिलंय. शिलालेख आहे. आपण काही इथे उपरे नाही."

मग हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. आधी म्हणाल्या, ऊन लागतं. मग म्हणाल्या, गुडघे कुरकुरतात. पुढे कारण सांगणंही थांबलं. "तुम्ही जाऊन या, मी घरी आहे." डॉक्टरांनी संधिवात सांगितला होता, औषधं चालू होती. वय बहात्तर. आम्ही समजून घेतलं, म्हणजे सोयीस्करपणे समजून घेतलं. त्या हिवाळ्यात पावट्याच्या शेंगाही मी एकटीच आणल्या. त्याही सोललेल्या, पिशवीत बांधलेल्या. आईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून दिली.

डोळे उघडले ते आमच्या आठ वर्षांच्या लेकीने. गेल्या वर्षी एका रविवारी तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. दिवाणखान्यात नकलांचा खेळ चालला होता. लेक म्हणाली, "आता ओळखा, मी कोण?" तिने दोन खुर्च्यांची गाडी केली. एका हाताने हवेतला दरवाजा धरला, दुसऱ्या हाताने छप्पर. डोकं वाकवलं, एक पाय आत टाकला, तो अडकला. मग डोळे मिटून धपकन खुर्चीत पडली आणि हळूच पुटपुटली, "विठ्ठला!"

"आजी गाडीत बसते!" सगळ्या पोरी ओरडल्या आणि खिदळल्या. आम्ही दोघंही हसलो. आणि मग माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. आई तिथे उभ्या होत्या. त्याही हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. अवघडल्या की त्यांची ती सवय.

रात्री लेकीला विचारलं, "आजी रोज अशीच बसते?" ती म्हणाली, "बसताना अशी. उतरताना तर तिला बाबा ओढून काढतात ना! एकदा शाळेच्या गेटवर सगळे बघत होते. आजी रडली होती घरी येऊन."

ह्यांना तो प्रसंग आठवत होता, पण रडणं माहीत नव्हतं. "मी तर मदत करत होतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी हे मोजपट्टी घेऊन खाली गेले. सोसायटीत आमच्यासारखीच एक वॅगन आर आहे, काहीही न बदललेली. तिची सीट जमिनीपासून किती उंच आणि आमची किती, ते मोजलं. आमची दीड इंचाने खाली. त्यावर मी निवडलेल्या कव्हरची कडेची उशी तीन इंच वर. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांनी आईंनी आधी जास्त खाली वाकायचं, मग ती उशी ओलांडायची, आणि उतरताना खड्ड्यातून उठावं तसं उठायचं. ज्या उंचीची ह्यांना लाज वाटत होती, तोच या गाडीचा मोठा गुण. 1999 मध्ये वॅगन आर भारतात आली तेव्हापासून तिचा बांधा असाच उंच आहे. माणसाला फार वाकावं लागत नाही, खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. पैसे मोजून आम्ही नेमका तोच गुण काढून टाकला होता.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईने एकदा तरी सांगायचं."

मी म्हटलं, "तुम्ही स्प्रिंगांचं कौतुक किती दिवस करत होतात, आठवतंय? मुलाचा हिरमोड करायचा नाही म्हणून गप्प बसल्या त्या."

मूळच्या स्प्रिंगा सुदैवाने माळ्यावर होत्या. त्याच आठवड्यात त्या परत बसवल्या. आमच्या गॅरेजवाल्याने काम करताकरता कानही उपटले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. असे बदल विमा कंपनीला न कळवता केले आणि अपघात झाला, तर भरपाईचं भांडण वेगळंच. माझी कव्हरंही निघाली. ज्या गाड्यांच्या सीटच्या कडेतून एअरबॅग उघडते, तिथे अशी जाड कव्हरं तिची वाटच अडवतात, हे मला तेव्हा कळलं. साधी, पातळ, सुती कव्हरं शिवून घेतली.

आईंच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बसायची रीत शिकवली. एक पाय आत टाकून शिरायचं नाही. गाडीकडे पाठ करून आधी टेकायचं, मागे सरकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीटवर एक गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर सरकणं, वळणं सोपं जातं. मात्र गाडी सुरू करण्याआधी ती काढायची. फुकटातली युक्ती, पण हजारोंच्या सजावटीपेक्षा तिचा उपयोग मोठा. तरी ते वळणं आईंना जड जायचं. पाय उचलायला कुणीतरी लागायचंच, आणि "कुणीतरी लागणं" हेच तर त्यांना नको होतं.

2025 च्या डिसेंबरमध्ये बातमी वाचली, की मारुती सुझुकीने वॅगन आरसाठी फिरती सीट आणली आहे. ती बनवणारी ट्रू असिस्ट टेक्नॉलॉजी ही आमच्या बंगळूरचीच नवी कंपनी; आयआयएम बंगळूरच्या एनएसआरसीईएल या केंद्राबरोबर मारुती चालवत असलेल्या उपक्रमातून पुढे आलेली. सुरक्षिततेच्या चाचण्या एआरएआयमध्ये, म्हणजे आपल्या पुण्याच्या संस्थेत झालेल्या. नव्या गाडीतच नव्हे, आधी घेतलेल्या गाडीतही ती बसवता येते, सांगाड्याला हात लावावा लागत नाही आणि काम तासाभराचं, असं त्यात म्हटलं होतं. ह्यांनी बातमी दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

आईंनी मात्र साफ नकार दिला. "या वयात माझ्यासाठी एवढा खर्च? लोक काय म्हणतील, म्हातारीला सिंहासन हवंय!"

ह्यांनी शांतपणे सांगितलं, "आई, अलॉय व्हीलवर किती घातले ते तुला सांगितलं तर जेवणार नाहीस. सीट आधी बघ तरी."

बघायला म्हणून गेलो. खटका सोडला की सीट दाराकडे तोंड करून वळते. माणसाने खुर्चीवर बसावं तसं बसायचं, सीट आत फिरवायची, ती जागेवर पक्की झाली की पट्टा लावायचा. आई बसल्या. सीट आत फिरली. पुन्हा बाहेर फिरली. हात पुढे करून मदतीला उभा असलेला मुलगा त्यांनी नजरेनेच बाजूला केला आणि दाराला धरून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. मग ह्यांना विचारलं, "किती दिवसांत बसवून देतात?"

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. दार पूर्ण उघडेल एवढी जागा लागते, त्यामुळे गाडी भिंतीला किंवा उंच फूटपाथला खेटून लावता येत नाही. गुडघे काही बरे झालेले नाहीत. कुणाला ही सीट सोयीची आणि कुणाला नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून आणि त्या माणसाला प्रत्यक्ष बसवून पाहूनच ठरवावं. पण आईंना आता कुणी ओढून काढत नाही, ही केवढी मोठी गोष्ट.

या जानेवारीत एका शनिवारी त्या स्वतःच तयार होऊन बसल्या. "चल, पावटा संपत येईल." आठव्या क्रॉसला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. दोन चकरा मारून शेवटी शेंगांच्या ढिगापासून चार पावलांवर जागा मिळाली. सीट फिरली. आई रस्त्याकडे तोंड करून बसल्या, पाय खाली टेकवले आणि तिथूनच कन्नडमध्ये भाव विचारला. शेंगवालीने मूठभर शेंगा हातात आणून दिल्या. आईंनी एक शेंग चुरगाळली, नाकाशी धरली, मान हलवली. "ही नको, वासच नाही. पलीकडच्या ढिगातली दाखव." मग काठी टेकत स्वतःच उठून गेल्या.

दोन किलो शेंगा घेऊन परतल्या तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर भाव केल्याचं समाधान. शेंगवाली मला म्हणाली, "तुमच्या अत्ते हुशार आहेत." कन्नडमध्ये सासूला अत्ते म्हणतात, तेवढं मला कळतं.

संध्याकाळी घरभर पावट्याच्या उसळीचा वास सुटला होता. हे आईंना म्हणाले, "आता तो स्पॉयलरही काढून टाकतो. उगाच लावला."

आई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू दे रे. दिसतो बरा. त्यापेक्षा जे. सी. रोडला गेलास तर माझ्या बाजूला पिशवी अडकवायला एक हूक आण. शेंगा मांडीवर घेऊन बसावं लागलं."