अठ्ठ्या हातात आल्यावर

आमच्या घरी मेंढीकोटात दश्शीला फार मान. सगळा डाव तिच्यासाठी. त्यामुळे २०२० च्या टाळेबंदीत मी ऑनलाइन पोकरच्या स्पर्धा खेळू लागलो, तेव्हा दोन दश्श्या काय, दोन अठ्ठ्या आल्या तरी वाटायचं, हा डाव आपला.

एका रविवारची रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. स्पर्धा नुकतीच सुरू झालेली, माझ्याकडे साठ बिग ब्लाइंड, म्हणजे डावातल्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या साठपट चिप्स. हातात बदामची आणि इस्पिकची अठ्ठी. मी रेज केलं, एकाने कॉल केला. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, राजा, नव्वी, पंजी. माझ्या बेटला त्याने कॉल केला. चौथ्या पानावर त्याने बेट लावली, मी भरली. शेवटच्या पानावर तो ऑल-इन गेला आणि मी तेही भरलं, कारण जोडी हातून सुटत नव्हती. त्याने राजा-राणी दाखवली. पहिल्या तासातच मी बाहेर.

झोप येईना म्हणून वही घेऊन हिशोब मांडला. अठ्ठ्यांची जोडी असताना फ्लॉपवर तिच्याहून मोठं एक तरी पान पडतं शंभरात ८७ वेळा. तिसरी अठ्ठी येऊन सेट लागतो जेमतेम १२ वेळा. दश्श्यांचंसुद्धा तसंच, शंभरात जवळपास ७० वेळा वर गुलाम, राणी, राजा नाहीतर एक्का दिसतोच. राजा पडला ते माझं दुर्दैव नव्हतं. तो पडणारच हे धरून मी खेळायला हवं होतं.

तेव्हापासून पत्त्यांआधी मी चिप्स बघू लागलो. दोघांकडेही भरपूर असतील, कॉलच्या निदान पंधरापट, तर अठ्ठ्या घेऊन फ्लॉप बघायचा. सेट लागला नाही आणि मोठी पानं पडून समोरून जोर आला, की सोडून द्यायचं. बाराच बिग ब्लाइंड उरलेत, मी बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागी आहे आणि आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलंय, तर त्याच अठ्ठ्यांवर सरळ ऑल-इन. बहुतेकदा ब्लाइंडवाले पत्ते टाकतात. एक्का-राजाने कॉल केला तरी पारडं किंचित आपल्याकडेच झुकतं, शंभरात ५५ च्या आसपास. मोठी जोडी निघाली तर मात्र विसावर येतं.

सगळ्यात अवघड असतं ते मधलं, वीस-पंचवीस बिग ब्लाइंडचं. एकदा बबलवर होतो. आणखी दोघे बाहेर पडले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. मला नव्व्या आल्या. पहिल्या जागेवरून रेज आलं. तो खेळाडू तासाभरात दोनदाच डावात उतरला होता. त्याच्या पुढचा, माझ्याहून जास्त चिप्सवाला, थेट ऑल-इन गेला. घड्याळ उलटं चालू झालं. पंधरा सेकंद, दहा. बोट कॉलच्या बटणावर होतं. एकाकडे जरी मोठी जोडी असली तरी मी संपलो, आणि दोघांकडेही ती असण्याजोगी होती. चार सेकंद उरले असताना मी फोल्ड केलं.

रेज करणाऱ्यानेही पत्ते टाकले. पॉट सरकला, पत्ते न दिसताच पुढचा डाव वाटला गेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्या स्पर्धा थांबल्या. वही अजून आहे. त्या डावापुढे ‘समोर काय होतं?’ एवढंच लिहिलंय.