ओळखीचा पुरावा

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या व्हॉट्सॅप गटातून एक विद्यार्थी बाहेर पडला. मालेगावचा मुलगा, कविता फार चांगली वाचतो. कारण विचारले तेव्हा आधी संकोचला, मग म्हणाला, "सर, गटात कोण काय टाकील याचा नेम नाही. आणि आपलं नाव त्या गटात होतं, हे उद्या कोण कशासाठी बघेल, त्याचाही नाही." आपल्या गटात काव्यवाचनाच्या तारखांपलीकडे काही नसते, असे मी म्हणालो. तो नुसता हसला.

त्या हसण्यामुळे मला 'शारदे'चा तो प्रयोग आठवला. (नाशकात मराठी शिकवणाऱ्याला तो वर्षातून एकदा तरी आठवावाच लागतो.) २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपासाठी ठेवलेल्या देवलांच्या 'संगीत शारदा'ला ते आले असता अनंत कान्हेरे याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे जागच्या जागी पकडला गेला. मारणारा कोण, हा प्रश्न उरलाच नाही. पोलिसांपुढे प्रश्न होता तो असा, की औरंगाबादहून आलेला हा कोवळा विद्यार्थी कोणाकोणाला ओळखत होता? पिस्तुलाचा माग लंडनच्या इंडिया हाऊसपर्यंत गेला. तेथील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आणली होती. पुढे तोच माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले, आणि त्यानंतर मुंबईत ३८ जणांवर नाशिक कटाचा खटला चालला.

या तपासाला मी निव्वळ दडपशाही म्हणणार नाही. जाळे खरोखरच होते, आणि पिस्तूल हा हातात धरता येण्याजोगा दुवा होता. परंतु त्याच शहरात, त्याच वर्षी, खुनाच्या सहा महिने आधी, बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती ती कविता छापल्याबद्दल. मित्रमेळ्यात जे जमत, गात, शपथ घेत, त्यांतला केवळ गाण्यासाठी येणारा कोणता आणि कटासाठी येणारा कोणता, हे सरकारला कसे कळावे? आपल्या विषयाच्या माणसाने या प्रश्नाजवळ थोडे थांबायला हवे, असे मला वाटते.

आज हे काम यंत्रे करतात. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला, कोण कोणत्या गटात आहे, एवढ्यावरून माणसांचा नकाशा निघतो. बोलणे काय झाले ते ऐकण्याची गरजही पडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला फोनच्या नोंदींत एका संशयितापासून तीन पायऱ्यांपर्यंत जाण्याची मुभा होती. स्नोडेनने २०१३ साली कागद उघड केल्यावर, २०१४ मध्ये ती दोनवर आणली गेली. हिशेब करून पाहावा. प्रत्येकाच्या शंभर ओळखी धरल्या तर पहिल्या पायरीवर १००, दुसऱ्यावर १०,०००, तिसऱ्यावर १० लाख. काही ओळखी सामाईक असतात, तेव्हा आकडा बराच घटेल. तरी २०११ च्या जनगणनेत अख्खे नाशिक शहर १५ लाखांच्या आत होते.

दुसरा हिशेब अधिक अवघड आहे. समजा, यंत्र शंभरात एकदाच चुकते आणि १५ लाखांत खरे गुन्हेगार पंधरा आहेत. यंत्र त्या पंधरांवर बोट ठेवील, आणि त्यांच्याबरोबर सुमारे १५,००० निरपराधांवरही. चूक यंत्राच्या कारागिरीत नाही. जे शोधायचे तेच इतके विरळ आहे.

२००१ च्या हल्ल्यानंतर व्हाल्डिस क्रेब्स या अभ्यासकाने वृत्तपत्रांतील माहितीवरून विमान-अपहरणकर्त्यांच्या संबंधांचा नकाशा काढला होता. मध्यभागी मोहम्मद अटा ठळक दिसतो. परंतु तो नकाशा शेवट ठाऊक असताना काढलेला आहे. कादंबरी संपल्यावर पहिल्या प्रकरणातील प्रत्येक खूण आपल्याला अटळ वाटू लागते. समीक्षकाच्या या खोडीला वर्गात मी हसतो. तीच खोड तपास यंत्रणेला जडली की तिची किंमत कोणी तरी तुरुंगात मोजतो.

मालेगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुणांना, सिमी या बंदी असलेल्या संघटनेशी संबंध जोडून, पकडले गेले. २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. एकजण तोवर वारला होता. २००८ च्या स्फोटाच्या तपासात 'अभिनव भारत' हे नाव पुन्हा आले. नाशिकची जुनी संघटना वेगळी, ही शतकानंतरची वेगळी. नावापुरते साम्य शोधणारे यंत्र दोहोंना एका रेघेने जोडून मोकळे होईल. त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. दोन्ही स्फोटांत माणसे मेली, ती कोणी मारली याचे उत्तर मात्र गावाला मिळालेले नाही. म्हणून पाळत नकोच, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांनाही तपास हवाच होता.

तो मुलगा अजून मंडळात येतो. पुढच्या वाचनाची तारीख मी त्याला जिन्यात गाठून सांगतो, आणि सांगताना आवाज थोडा खाली येतो, हे परवा माझ्या लक्षात आले.