ब्रेकची हवा

धर्मगुरूच्या हाती कुणी पाना दिला तर त्याने त्याचे काय करावे, हे सेमिनरीत शिकवलेले नसते. आम्हाला हा प्रश्न पडला तो २०२३ च्या मे महिन्यात, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, आमच्या भाच्याच्या घरामागील गॅरेजमध्ये.

आम्ही तेथे गेलो होतो ते वॉल्सिंगहॅमच्या मातेच्या यात्रेला. १०६१ साली तेथे नाझरेथच्या घराची प्रतिकृती उभी राहिली अशी परंपरा आहे. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात ते तीर्थस्थान उद्ध्वस्त झाले. आज कॅथलिकांचे स्थान गावाबाहेर सुमारे मैलभरावर, एका लहानशा जुन्या चॅपलमध्ये आहे. यात्रेकरू तेथे जोडे काढून ठेवीत आणि उरलेला मैल अनवाणी चालत, म्हणून त्या चॅपलला जोड्यांचेच नाव पडले. यात्रा हे आमचे उघड निमित्त होते. दुसरे निमित्त वसईहून निघताना थोरल्या बहिणीने पदरात टाकले होते. ती सख्खी बहीण असूनही आम्हाला 'फादर'च म्हणते. विमानतळावर निघण्यापूर्वी ती म्हणाली, "फादर, त्याला ती गाडी विकायला लावा. तुमचं तो ऐकेल."

तिच्या यजमानांचा मृत्यू २००९ साली झाला. दादरच्या बाजारात फुले घेऊन निघालेला त्यांचा टेम्पो पहाटे महामार्गावर उभ्या ट्रकवर आदळला. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अंत्यविधीचा मिस्सा आम्हीच अर्पण केला आणि प्रवचनही आम्हीच केले. त्यानंतर भाच्याने मिस्साला येणे हळूहळू सोडले. पुढे तो शिकला, परदेशी गेला, नोकरीस लागला आणि तिथे त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ती तो रेसट्रॅकवर चालवणार, हे कळल्यापासून आमची बहीण रात्री झोपत नव्हती.

आम्ही सज्ज होऊन गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात मद्यपानाने किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हटला आहे. २००७ साली व्हॅटिकनच्या एका परिषदेने रस्त्यावरील प्रेषितकार्यासाठी मार्गदर्शिका काढली, तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही आहेत. आणि १९५८ मध्ये लुईजी मुस्सो हा शर्यतपटू फ्रान्समध्ये मरण पावला, तेव्हा व्हॅटिकनच्या दैनिकाने एन्झो फेरारीला आपलीच मुले गिळणाऱ्या शनिदेवाची उपमा दिली होती. इतका दारूगोळा एका भाच्यासाठी पुरेसा होता.

गाडी पाहिली आणि दारूगोळा थोडा भिजला. आमच्या कल्पनेत काहीतरी लाल, लांबलचक, गुरगुरणारे होते. गॅरेजमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती ती २००१ सालची माझदा एमएक्स-५. दोन माणसांची, आपल्या रिक्षापेक्षा फार मोठी न वाटणारी, जेमतेम हजार-अकराशे किलोची. १९८९ पासून या मॉडेलच्या गाड्या निघत आहेत आणि जुन्या स्वस्तात मिळतात, म्हणून हौशी लोक त्या घेतात. स्वस्त असण्याचे एक कारण आम्हाला लगेच दिसले. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पाण्याबरोबर दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात जाऊन बसते. मागच्या चाकापुढचा पत्रा वरून चकचकीत आणि आतून वाळवी लागल्यासारखा होतो. भाच्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला होता, असे त्याने सांगितले. तेथे आता नवा पत्रा वेल्डिंग करून बसवलेला होता.

इंजिनला त्याने तेल आणि पाणी बदलण्यापलीकडे हात लावला नव्हता, याचे आम्हाला नवल वाटले. त्याचा क्रम वेगळा होता. आधी गंज. मग ब्रेक. मग गाडी उलटली तर डोके वाचवणारी लोखंडी कमान, खोल सीट आणि पट्टे. मग टायर. हे सारे झाल्यावर शेवटी हवा. वेग वाढवण्याची गोष्ट या यादीत नव्हतीच. हवेच्या कामानेही सरळ रस्त्यावर गाडी थोडी मंदच होते, कारण पंख हवेला अडवतो. फायदा होतो तो वळणावर.

हे हवेचे प्रकरण आम्हाला फार आवडले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून गाडीच्या मागे लावला, की तो गाडीला खाली दाबतो. टायर रस्त्याला अधिक घट्ट धरतो, पण गाडीचे वजन वाढत नाही. आणि हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी साठ मैलांना वीस किलो दाब असेल तर एकशेवीसला तो ऐंशी किलो होतो. गावातल्या रस्त्यावर मात्र तो पंख केवळ शोभेचा. मुंबईत काही तरुण लहान गाड्यांवर असे पंख लावतात आणि सिग्नलपाशी ऐटीत उभे राहतात. आम्ही यापुढे त्यांना हसणार आहोत.

नुसता मागे पंख लावून चालत नाही. मागची चाके दबली आणि पुढची हलकी राहिली, तर वेगात स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून पुढे, बंपरखाली, जमिनीला समांतर एक फळी बसवतात. तिला स्प्लिटर म्हणतात. वर अडलेल्या हवेचा दाब जास्त, खालून वेगाने जाणाऱ्या हवेचा कमी, म्हणून फळी खाली ओढली जाते. कारखान्यांत ती कार्बन फायबरची करतात. भाच्याने ती बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची केली होती, कडा घासून, रंगाचे तीन हात देऊन. आमचे वडील सुतारकाम करीत. त्या कडेवरून बोट फिरवताना आम्हाला त्यांची आठवण झाली, ते बोललो मात्र नाही.

"फादरमामा, यावर उभे राहा," तो म्हणाला.

आम्ही झग्यात नव्हतो, तरी संकोचलो. आमचे वजन ब्याऐंशी किलो. आम्ही उभे राहिलो. फळी हलली नाही. तिला धरणाऱ्या सळ्या गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या होत्या. बंपरला जोडल्या असत्या तर बंपर उतरूनच आला असता. मागच्या पंखाची गोष्टही तीच. आधी त्याने पंखाचे पाय डिकीच्या झाकणावर कसले होते. हाताने दाबून पाहताच तो पातळ पत्रा लवला. मग त्याने ते काढून, झाकणाला भोके पाडून, पायांचा भार खालच्या सांगाड्यावर नेला. पंखाच्या मागच्या कडेला अॅल्युमिनियमची एक उभी पट्टी होती, बोटाच्या पेराहून लहान. डॅन गर्नी या अमेरिकन चालकाने १९७१ मध्ये तिचा उपयोग दाखवला आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. एवढ्याशा पट्टीने पंखाचा दाब वाढतो.

पंख कशावर कसलेला आहे याला इतके महत्त्व का, हे विचारल्यावर त्याने आम्हाला योखेन रिंटची हकिकत सांगितली. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख एकाच जागी मोडले. आधी ग्रॅहम हिल आदळला, मग रिंट. रिंटने जखमी अवस्थेत पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिले आणि पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. पुढल्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, मोंझा येथे सराव करताना रिंट मरण पावला. त्या दिवशी सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून त्याच्या गाडीचे पंख काढून ठेवलेले होते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. असे दुसरे उदाहरण फॉर्म्युला वनमध्ये नाही.

"आणि तो का आदळला?" आम्ही विचारले.

"ब्रेकचा दांडा तुटला असं म्हणतात," भाचा म्हणाला आणि उठून पाना आणायला गेला.

त्या संध्याकाळी ब्रेकची हवा काढायची होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ट्रॅकवर वारंवार ब्रेक दाबून ते तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पायाखालचा पेडल मग थेट तळाशी जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरायचे. हे काम दोन माणसांचे आहे. एकाने आत बसून पेडल दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून नळीचा स्क्रू सैल करायचा आणि पेडल सुटण्यापूर्वी पुन्हा आवळायचा. आम्ही आत बसलो. भाचा मागच्या डाव्या चाकाशी होता. तो आम्हाला दिसत नव्हता. फक्त आवाज येत होता. "दाबा. धरून ठेवा. सोडा." असे कितीतरी वेळ चालले.

तिसऱ्या चाकाशी असताना तोच आवाज म्हणाला, "टेम्पोचं ब्रेक ऑइल गळत होतं, मामा. मला माहीत होतं."

आम्ही पेडल धरून बसलो.

"बाबांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, गॅरेजला लावून ये. आमची क्रिकेटची मॅच होती. मी म्हटलं, उद्या लावतो."

थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "आणि तुम्ही चर्चमध्ये सांगितलंत, ही देवाची इच्छा. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या बाकावर होतो."

वाचकहो, हे पापनिवेदन नव्हते, नाहीतर ही लेखणी येथेच थांबली असती. हे लिहिण्यास त्याने परवानगी दिली आहे आणि त्याच्या आईलाही ते आता त्यानेच सांगितले आहे.

देव एखादी गोष्ट इच्छितो आणि देव एखादी गोष्ट घडू देतो, यांतला भेद आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या आधाराने परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले होते. पण शवपेटीपुढे, रडणाऱ्या बहिणीपुढे, तो भेद आमच्या तोंडून उतरला नाही. सोपे वाक्य उतरले. ते ऐकून बहिणीला धीर आला असेलही. एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र आम्ही दोन वाटा ठेवल्या होत्या. आपली चूक देवाच्या माथी मारायची, नाहीतर ती एकट्याने वाहायची. त्याने दुसरी निवडली. चौदा वर्षे.

आम्ही चुकीचे बोललो होतो, असे आम्ही त्याला सांगितले. तुझ्या वडिलांना आम्ही ओळखत होतो, गळका ब्रेक माहीत असूनही पहाटे टेम्पो काढणारे तेही होते, फुले सुकतील म्हणून, हेही सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दाबा."

चौथे चाक झाले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. तिकडे मे महिन्यात रात्र फार उशिरा होते.

दोन दिवसांनी आम्ही त्याच्याबरोबर स्नेटरटनला गेलो. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन बाँबफेकी विमानांचा तळ होता. आज सुमारे पावणेपाच किलोमीटरचा ट्रॅक आहे. तेथे भरतो तो 'ट्रॅक डे', शर्यत नव्हे. सकाळी सर्वांना एका खोलीत बसवून नियम सांगितले. पुढची गाडी वाट देईल तेव्हाच आणि ठरलेल्या बाजूनेच पुढे जायचे, पिवळा झेंडा दिसला की सावकाश, लाल दिसला की परत. गाडीचा आवाज यंत्राने मोजला. आम्हाला वाटले, इतक्या गांभीर्याने आमचे धर्मग्रामस्थ लग्नाच्या पूर्वतयारीच्या वर्गातही बसत नाहीत. नेहमीचा विमा अशा ठिकाणी बहुधा लागू नसतो आणि जबाबदारी आपली, असे लिहून द्यावे लागते. धोका नाही असे तेथे कुणीच म्हणाले नाही.

पहिल्या फेऱ्यांनंतर भाचा नाराज होऊन आला. कोरम नावाचे लांबच लांब उजवे वळण आहे, तेथे गाडी बाहेर बाहेर जात होती. पंखाचा कोन जास्त झाला होता आणि पुढची फळी त्याला पुरी पडत नव्हती. त्याने दोन बोल्ट सैल करून पंख थोडा आडवा केला. दुपारी ती तक्रार उरली नव्हती.

मग त्याने आमच्यापुढे हेल्मेट धरले. आम्ही खिशातली रोझरी चाचपली आणि बसलो. सरळ रस्त्याच्या शेवटी डावे वळण भिंतीसारखे अंगावर आले, तेव्हा आमचा उजवा पाय रिकाम्या जागी जोराने दाबला गेला. तेथे पेडल नव्हता. गाडी मात्र थांबल्यासारखी झाली आणि वळली.

२२९० व्या परिच्छेदाचे आम्ही काय केले, असे कुणी विचारील. तो आम्ही विसरलो नाही. त्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या महामार्गावर, रात्री दिवे नसलेल्या ट्रकमागे, अधिक लागू पडतो असे आमचे मत झाले आहे. गाडी विक, असे आम्ही त्याला म्हणालो नाही.

रविवारी त्याने आम्हाला वॉल्सिंगहॅमला नेले, दुसऱ्या, साध्या गाडीतून. चॅपलमध्ये तो आला नाही. बाहेर बाकावर बसून होता. परतताना त्याने विचारले, बाबांच्या नावाने मिस्सा सांगितला का? सांगितला, असे आम्ही म्हणालो.

वसईला फोन आम्ही त्याच रात्री केला. गाडी विकली का, हे बहिणीने पहिल्यांदा विचारले. नाही, आम्ही म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ब्रेक तरी चांगले आहेत ना, फादर?"

चारही चाकांचे आम्ही स्वतः दाबून पाहिले आहेत, असे आम्ही तिला सांगितले.