थेंबभर रक्तात डाळिंब

तिसऱ्यांना रक्त असतं! पन्नास वर्षं कोकणात काढली, विळीवर हजारो तिसऱ्या उघडल्या, एकशिपी करून चाटूनपुसून खाल्ली, आणि हे मला कळलं परवा. भाचीच्या प्रयोगशाळेत.

तिच्याकडे होते हिरवे शिंपले. फटीतून सुई सरकवून तिने शिंपला मिटणाऱ्या स्नायूतून थेंबभर रस ओढला. पाण्यासारखाच, जरा धुरकट.

"हे रक्त?"

"हो मावशी, आपल्यासारखं लाल नसतं. आता टेबलाला धक्का नको देऊस."

त्यावर न्यूट्रल रेड नावाचा रंग सोडून काही वेळ थांबलो. मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडलेच! काचेवर पाय पसरून बसलेल्या पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात डाळिंबाचे दाणे. लालचुटूक, टपोरे.

या पेशी म्हणजे हिमोसाइट, आणि ते दाणे म्हणजे लायसोसोम, पेशीच्या पाचक पिशव्या. शिंपल्याच्या शरीरात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. जंतू आला की ही पेशी त्याला गिळते आणि पिशवीत घालून पचवते. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला, तेव्हा काट्याभोवती गोळा झाल्या त्या अशाच भटक्या पेशी. त्या वाटेने त्याला 1908 चं नोबेल मिळालं. काट्यावरून नोबेल!

पण खरी गंमत पुढेच. शिंपला दिवसभर पाणी गाळतो, तासाला लिटरच्या हिशोबात. त्या पाण्यातलं तांबं, कॅडमियम अंगात साठतं. अपाय नको म्हणून पेशी त्यातलं बरंचसं कोंबून ठेवतात, आणि कुठे, तर त्याच पिशव्यांत! स्वयंपाकघर तेच, अडगळीची खोलीही तीच. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या फाल खाडीत तांब्याच्या खाणींचं पाणी उतरायचं. तिथली कालवं हिरवी पडली होती, रक्तपेशी तांब्या-जस्ताने ठासलेल्या, तरी जिवंत!

मग भाचीने तांबं घातलेल्या टाकीतला शिंपला घेतला. तोच रंग, तेवढाच वेळ. दाणे होते, पण कडा फिसकटलेल्या. बघता बघता रंग पिशवीबाहेर झिरपला, पेशी सगळी गुलाबी झाली, पाय आखडून गोल बसली. स्वच्छ पाण्यातल्या शिंपल्याचे दाणे अजून ठणठणीत. किती मिनिटांत गळती लागते, हेच ती घड्याळ लावून मोजते.

"म्हणजे तांबं आलं की पेशी मंद?"

"तेवढं सोपं असतं तर! थोडंसंच असेल तर कधीकधी उलट जास्त खातात. म्हणून एका चाचणीवर मी कधी बोलत नाही."

मी मात्र तेव्हापासून बोलतेच आहे. सकाळी विळीवर पहिली तिसरी उघडली, पाणी बोटांवरून ओघळलं, तशीच ओल्या हाताने फोन लावला. "अगं, हे रक्त?"

"बरंचसं समुद्राचं पाणी, मावशी," ती झोपेत म्हणाली, "पण थोडं आहे त्यात."