चढाचा सातारा, सपाट सांगली आणि कामावर नेणारी सायकल

सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे कृष्णेच्या काठची. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी वाईवरून खाली येते, साताऱ्याच्या पूर्वेस माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला सोबत घेते, आणि सांगलीच्या घाटाशी पोचेपर्यंत रुंद व संथ होते. नदीचा हा पालटलेला स्वभाव दोन्ही गावांच्या रस्त्यांतही दिसतो. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत, उतरणीवर वसलेला. सांगली काळ्या मातीच्या सपाटीवर पसरलेली. सायकलवरून कामाला जाणाऱ्या माणसाला हा फरक नकाशावर पाहावा लागत नाही. त्याचे गुडघेच त्याला तो सांगतात.

साठीच्या आसपासची अनेक माणसे दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, या वयात सायकल चालवू का?" त्यांत निवृत्तीनंतर दुकानाचे हिशेब लिहिणारे असतात, पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करणारे असतात, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचे सारे उरकून मग कामावर पोचणाऱ्या लेकी-सुनाही असतात. या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' हे उत्तर पुरे पडत नाही. मी उलट दोन प्रश्न विचारतो. कामाचा रस्ता कसा आहे? आणि सायकलवरून तुम्ही उतरता कसे? पहिल्या उत्तरावरून सायकलचे गिअर व ब्रेक ठरतात, दुसऱ्यावरून तिचा सांगाडा. रंग, कंपनी, किंमत यांचा विचार त्यानंतर.

आधी साताऱ्याचा रस्ता पाहू. राजवाडा, मोती चौक या बाजूच्या जुन्या पेठा उंचावर आहेत आणि गाव पूर्वेकडे, माहुलीच्या संगमाच्या दिशेने, उतरत जाते. त्यामुळे पेठेतून औद्योगिक वसाहतीकडे किंवा स्टेशनकडे कामाला जाणाऱ्याची सकाळ उताराची आणि संध्याकाळ चढाची असते. ताजेतवाने असताना उतार आणि थकल्यावर चढ, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणून येथे दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, हलका गिअर. मागच्या चाकावर मोठी चक्री आणि पुढे लहान, अशी जोडी मिळाली म्हणजे पाय भराभर पण हलके फिरतात आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब कमी येतो. त्यासाठी एकवीस गिअर लागत नाहीत, सात पुरतात. त्यातूनही चढ जड वाटला, तर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्या पिढीने पाहिलेल्या जुन्या काळ्या सायकलींना लोखंडी सळईचे ब्रेक असत. ओल्या लोखंडी रिमवर त्यांची पकड फार कमी होते, आणि साताऱ्याच्या पावसात रिम ओलीच असते. उताराच्या गावात ॲल्युमिनियमची रिम आणि तारेचे चांगले ब्रेक, किंवा डिस्क ब्रेक घ्यावेत. संधिवाताने बोटे आखडलेली असतील, तर ब्रेकची मूठ सहज दाबली जाते का, हे दुकानातच पाहावे. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आधीपासून दाबावेत. वेग वाढल्यावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

चढासाठी बॅटरीची सायकल घ्यावी का, असेही विचारले जाते. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या सायकलींना सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना, तसेच हृदयविकारानंतर डॉक्टरांनी बेताच्या श्रमाची परवानगी दिलेल्यांना तिचा उपयोग होतो. मात्र ती वजनाने जड असते. पायऱ्यांवरून घरात घ्यायची असेल, तर ती आपणांस पेलते का हे आधी पाहावे.

साताऱ्याहून सांगलीला मी शक्यतो रेल्वेने जातो. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड अशी स्टेशने मागे पडतात, उसाची शेते दाट होत जातात आणि किर्लोस्करवाडी येते. या गावाचा सायकलशी जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाली. नांगराचा कारखाना पुढे आला, आणि औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. दुकान निघाले तेव्हा सायकल ही मोजक्या लोकांची नवलाई होती; पुढे ती कामगाराचे, पोस्टमनचे, शिक्षकाचे वाहन झाली. नवलाईच्या काळात सायकल घेणाऱ्याला ती चालवायला शिकावेही लागे. आज दुकानदार पाच मिनिटांत सायकल हाती देतो. पंधरा-वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सायकल घेणाऱ्या माणसाने मात्र आपण नव्याने शिकत आहोत असेच समजावे आणि पहिला आठवडा मोकळ्या मैदानावर घालवावा.

सांगलीत उतरले की चढ संपतो. आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्या आसपासचा भाग, मार्केट यार्ड, विश्रामबाग आणि पुढे मिरजेपर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. इथे गिअर नसले तरी चालते. पण सपाट रस्त्याला गर्दी असते. रिक्षा अचानक थांबते, बस अंगावरून जाते, चौकाचौकात पाय टेकावा लागतो. चढावर दम लागतो, तर गर्दीत तोल जातो. म्हणून सांगलीकराने पाहायचे ते पाय जमिनीला किती लवकर लागतो हे.

मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेब पाहणारे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. उंच नळीच्या जुन्या सायकलवरून ते उतरत असताना मागच्या कॅरिअरवरील डब्याच्या पिशवीत पाय अडकला आणि ते पडले. हाड मोडले नाही, पण मुलाने सायकलला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मुलाची भीती रास्त होती. त्या कुलपाबरोबर वडिलांचे दुकानही सुटले, चार माणसांशी होणारे बोलणे सुटले, आणि तीन महिन्यांत रक्तातील साखर वाढली. बापलेक दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चूक होती ती सायकलच्या सांगाड्यात.

आपल्याकडील जुनी रीत अशी : चालत्या सायकलवर एका पेडलवर उभे राहायचे, दुसरी टांग सीटवरून मागे टाकायची आणि उडी घेऊन उतरायचे. या क्षणी सारे शरीर एका पायावर असते आणि दुसरा पाय कमरेइतका वर. वयाबरोबर एका पायावरचा तोल कमी होतो, कंबर आखडते, आणि कॅरिअरवर सामान असेल तर टांग आणखी वर न्यावी लागते. खुब्याचे हाड मोडण्यास एवढे पडणे पुरेसे असते, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत. यावर उपाय आहे तो खाली वाकलेल्या नळीची सायकल. तिच्यात पाय मागून न टाकता पुढून, पायरी ओलांडावी तसा घालता येतो. पूर्ण थांबावे, दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, एक पाय जमिनीवर टेकावा, आणि मगच दुसरा काढावा.

या सायकलीला आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हणतात, आणि तेथेच पुरुषमंडळी नाक मुरडतात. त्या गृहस्थांनीही मुरडले. नातीची सायकल मैदानावर नेऊन त्यांनी दहा वेळा चढ-उतार केला, तेव्हा त्यांचे मत पालटले. आता ते तशाच सायकलवरून, उजेडात, दुकानात जातात. पावसाळ्यात बसने जातात. तेही शहाणपणाचेच आहे.

सांगाडा ठरला की सीटची उंची. तरुण सायकलस्वाराला सांगतात की पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचित वाकलेला असावा. गुडघ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. सीट फार खाली असली तर वाटीवर ताण पडतो. मात्र वयस्कर माणसाने सुरुवातीस सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी आणि आत्मविश्वास आल्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढवावी. हँडल सीटपेक्षा थोडे उंच असावे, म्हणजे मान व कंबर अवघडत नाही. सीट रुंद आणि सपाट असावी, तिचे टोक वर उचललेले नसावे. जांघेत किंवा हाताच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर सहन न करता मापे बदलून घ्यावीत. टायर पावणेदोन-दोन इंच रुंदीचे असले, तर खड्ड्याचा धक्का कमी बसतो.

आता साज. घंटी, डाव्या-उजव्या बाजूचे आरसे, पुढे पांढरा व मागे लाल दिवा, दोन्ही मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि दोन पायांचा मधला स्टँड या वस्तू शोभेच्या नाहीत, गरजेच्या आहेत. मान पूर्ण वळत नसलेल्या माणसाला आरसा म्हणजे दुसरा डोळाच. साडी किंवा ओढणीसाठी मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. पिशवी हँडलला कधीही लटकवू नये; ती चाकात जाते आणि हँडलही ओढते. डबा कॅरिअरच्या बाजूच्या पिशवीत, खाली ठेवावा. सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, तरी ते घालावे. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जावीत इतकेच सैल. पायांत चप्पल नको, मागून बंद असलेली पादत्राणे हवीत. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना तर हे अगदी आवश्यक आहे. खिशात नाव, घरचा फोन क्रमांक आणि चालू औषधांची चिठ्ठी असावी.

दर महिन्याला ओळखीच्या सायकलवाल्याकडून ब्रेकचे रबर, चाकांच्या नटा आणि चेन तपासून घ्यावी. चाक डगमगत असेल तर त्याची आऊट काढून घ्यावी. सांगलीने २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिले आहेत. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली सायकल वरून धुऊन भागत नाही. बेअरिंग उघडून, गाळ काढून, नवे ग्रीस भरल्याशिवाय ती वापरू नये.

शरीराचीही अशीच तपासणी हवी. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, जवळ साखर ठेवावी. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येते. तसे होत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. सर्दीच्या, झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येत असताना सायकल नको. मोतीबिंदू असलेल्यांना समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळ्यांपुढे काही दिसेनासे होते. त्यांनी दिवे लागण्याआधी घरी यावे. हृदयाचा झटका, पक्षाघात, फिट किंवा खुब्या-गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनेच पुन्हा सुरुवात करावी. छातीत दाब, नेहमीपेक्षा वेगळा दम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच थांबावे आणि मदत मागावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालयात जावे.

एवढी काळजी घेऊन सायकल चालवावीच का? चार किलोमीटरचे जाणे आणि चारचे येणे, ताशी बारा किलोमीटरच्या संथ वेगाने, म्हणजे दिवसाची चाळीस मिनिटे आणि पाच दिवसांची दोनशे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. तो येथे कामाच्या वाटेवरच होऊन जातो. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मुळात सुदृढ माणसेच सायकल निवडतात, हेही त्या आकड्यामागे काही अंशी असू शकते. तरी दिशा स्पष्ट आहे. मात्र सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे हाडांच्या बळकटीसाठी चालणे आणि तोल राखण्याचे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

घरच्यांना एक विनंती. किल्ली काढून घेण्यापूर्वी रविवारी सकाळी मैदानावर चार गोष्टी पाहा : सरळ रेषेत संथ चालवता येते का, एक हात सोडून वळण्याची खूण करता येते का, मागे पाहताना सायकल भलतीकडे जात नाही ना, आणि सांगितल्या जागी थांबून न धडपडता उतरता येते का. चारही जमत असतील तर सायकल राहू द्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. जमत नसतील, तर आधी सांगाडा आणि सीट बदलून बघा. तरीही जमले नाही, तर कामावर जाण्याची दुसरी सोय लावा. सायकल थांबली म्हणून काम थांबवू नका. आणि नवी सायकल घ्यायला जाल तेव्हा ज्यांना ती चालवायची आहे त्यांना रोजच्या कपड्यांत, रोजच्या पादत्राणांत आणि डब्यासकट घेऊन जा. पैसे देण्यापूर्वी त्यांना पाच वेळा चढायला आणि पाच वेळा उतरायला लावा.